स्लायडरवरचे शून्य आणि तेरड्याचा रंग

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या गावातील हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात एका फोटोवरून जो वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. स्पर्धेचा विषय होता सह्याद्रीतला पावसाळा. पहिले बक्षीस मिळालेल्या फोटोत कास पठारावरचा तेरडा होता: खाली जांभळट गुलाबी फुलांचा सडा, मागे उतरलेले ढग, मधून गेलेली ओल्या कातळाची काळी रेघ. निकाल जाहीर होताच एका सभासदाने उठून सांगितले की त्याच आठवड्यात तोही कासला जाऊन आला होता आणि तेरडा असा मुळीच दिसत नव्हता. नियमपत्रकात ‘कोणतेही एडिटिंग चालणार नाही’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. विजेत्याने सरळ कबूल केले की सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवले आहे, पण ‘अगदी थोडे’. मग अर्धी सभा ‘ही फसवणूक आहे’ म्हणू लागली, उरलेली अर्धी ‘ही कला आहे’ म्हणू लागली आणि परीक्षक म्हणून बसलेले आम्ही तिघे एकमेकांची तोंडे पाहत राहिलो.

माझे मत असे आहे की हा वाद दोन्ही बाजू एकाच चुकीच्या समजुतीवर उभे राहून घालत आहेत. कॅमेऱ्यातून बाहेर पडला तो खरा रंग आणि संगणकावर रंग कमी-जास्त करणारा स्लायडर शून्यापासून हलवला की खोटेपणा सुरू, ही ती समजूत. एक बाजू म्हणते, हलवू नका. दुसरी म्हणते, हलवला तर बिघडले कुठे? शून्यावर सत्य बसलेले आहे हे मात्र दोघांनाही मान्य आहे आणि तेच मुळात खरे नाही. रंग वाढवणे योग्य की अयोग्य, हे तो किती वाढवला यापेक्षा तो फोटो पाहणाऱ्याला कसली हमी देतो आणि त्या हमीवर विसंबून पाहणारा पुढे काय करणार आहे, यावर ठरायला हवे.

आधी शून्याचे पाहू. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर स्वतः रंगांधळा असतो. त्याला फक्त उजेड कमी की जास्त एवढे कळते. त्याच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची बारीक चौकट बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना या रचनेचे पेटंट 1976 साली मिळाले. या चौकटीत निम्म्या काचा हिरव्या, पाव भाग लाल आणि पाव भाग निळ्या असतात. म्हणजे प्रत्येक बिंदूवर तीनपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजला जातो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरले जातात. फोटोतील रंगाचा दोन तृतीयांश भाग हा असा अंदाजाने भरलेला असतो. त्यानंतर उजेड उन्हाचा होता की ट्यूबलाइटचा हे ठरवून व्हाइट बॅलन्स लावला जातो आणि मग कंपनीने ठरवलेल्या चवीनुसार रंग चढवले जातात. ‘स्टँडर्ड’ आणि ‘विव्हिड’ ही नावे कॅमेऱ्याच्या मेनूत सगळ्यांनी पाहिलेली असतात. यातले ‘स्टँडर्ड’ कोणी ठरवले? कारखान्यातल्या एखाद्या चमूने शेकडो फोटो पाहून, बाजाराला काय आवडते याचा विचार करून ठरवले. ज्याला आपण ‘हात न लावलेला फोटो’ म्हणतो, त्याला बरेच हात आधीच लागलेले असतात; ते आपले नसतात, इतकेच. या पायऱ्या वगळून रॉ फाइलमधले, म्हणजे सेन्सरने नोंदवलेले कच्चे, आकडे जसेच्या तसे पडद्यावर मांडले, तर जे अंधारलेले, हिरवट, मरगळलेले चित्र दिसते, त्याला कासला गेलेला कोणीही ‘हेच मी पाहिले’ म्हणणार नाही.

याहून अवघड गोष्ट डोळ्याची आहे. रंग तोच असला तरी उजेड वाढला की तो डोळ्याला अधिक भरलेला, अधिक तजेलदार भासतो. रंगशास्त्रात याला ‘हंट परिणाम’ म्हणतात. लक्स या उजेड मोजण्याच्या एककात सांगायचे तर भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. त्या उजेडात पाहिलेला तेरडा आपण घरात बसून मोबाइलच्या पडद्यावर पाहतो तेव्हा तो मूळ दृश्याच्या मानाने कितीतरी कमी उजेडात असतो. मोजमापाने रंग तंतोतंत जुळवला तरी तो फिकाच वाटणार. तेव्हा पठारावर जे जाणवले ते पडद्यावर जाणवायचे असेल, तर रंग थोडा वाढवणे भाग असते. अशा वेळी प्रामाणिक कोण? आकडे जपणारा की अनुभव जपणारा? माझ्याकडे याचे एकच एक उत्तर नाही, पण नियमपत्रकातील ‘कोणतेही एडिटिंग’ या दोन शब्दांत ते निश्चित नाही.

आमच्या मंडळातले ज्येष्ठ यावर म्हणतात की रीळ होते तेव्हा असले काही नव्हते. हे म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी उमेदीची सगळी वर्षे फूजीच्या व्हेल्व्हिया रिळावर काढली, हे मी येथे आदराने नोंदवतो. 1990 साली बाजारात आलेले हे रीळ निसर्ग छायाचित्रकारांनी डोक्यावर घेतले ते त्याच्या भडक हिरव्या आणि लाल रंगांसाठीच. तेव्हा स्लायडर दुकानात होता; रिळाच्या खोक्यावर किंमत मोजून तो विकत घेतला जाई आणि एकदा कॅमेऱ्यात भरला की छत्तीस फोटो संपेपर्यंत हलवता येत नसे. आज त्याच रिळाचे नाव फूजीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत एक पर्याय म्हणून दिलेले असते. तो पर्याय निवडून काढलेला फोटो नियमात बसतो आणि तोच परिणाम घरी संगणकावर साधला तर फोटो बाद होतो. हा कोणता न्याय?

रंगाच्या बाबतीत ‘स्वाभाविक’ वाटणे किती फसवे असते, याचे सर्वात बोलके उदाहरण पृथ्वीवरचे नाही. 1976 च्या जुलैत नासाचे व्हायकिंग-1 हे यान मंगळावर उतरले आणि तेथून पहिले रंगीत छायाचित्र आले. घाईघाईत तयार झालेल्या पहिल्या प्रतीत मंगळाचे आकाश निळसर दिसत होते. पृथ्वीवरच्या माणसाला आकाश जसे असावेसे वाटते, तसेच. यानावर रंग जुळवण्यासाठी रंगपट्ट्या बसवलेल्या होत्या. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर कळले की आकाश निळे नसून गुलाबीसर पिवळट आहे. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी नापसंतीचा गलका केला आणि त्याबद्दल खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी त्यांना टोकलेही. येथे खोटे बोलण्याचा कोणाचाच हेतू नव्हता. डोळ्याला पटला तो रंग खरा मानला गेला, एवढेच. आणि चूक सुधारली ती रंगांना हात न लावण्याच्या व्रताने सुधारली नाही. रंग पुन्हा जुळवले गेले, पण या वेळी ते माहीत असलेल्या वस्तूशी ताडून जुळवले गेले. ही रंगपट्टी पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता विरुद्ध बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा. तो कासचाच आहे आणि मला तो बऱ्याच अंशी मान्य आहे. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासचे नाव 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यानंतर दर सप्टेंबरात साताऱ्याहून वर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि त्या गाड्यांत बसलेल्यांनी मोबाइलवर आधी पाहिलेले असते ते जांभळे-पिवळे पेटवून दिलेले पठार. प्रत्यक्षात ढगाळ दिवशी तेरडा विटक्या गुलाबी रंगाचा, गेंद मळकट पांढरा आणि सीतेची आसवे इतकी चिमुकली असतात की वाकल्याशिवाय दिसत नाहीत. ‘फोटोत होते तसे नाही’ हे वाक्य मी तेथे कुंपणाजवळ उभा राहून एका सकाळी चार वेळा ऐकले. निराश झालेला माणूस मग रंग शोधत कुंपण ओलांडतो. म्हणजे भडकवलेल्या फोटोची किंमत फूल मोजते, असे आक्षेप घेणारे म्हणतात, आणि ते खोटे नाही.

पण या निराशेचे सगळे खापर सॅच्युरेशनवर फोडता येईल का? तोच बक्षीसपात्र फोटो नीट पाहिला तर कळते की तो जमिनीला कॅमेरा टेकवून लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेला आहे. अशा लेन्सने पुढची आणि मागची फुले एकमेकांवर चढलेली दिसतात, मधली रिकामी माती आणि कातळ झाकले जातात आणि विरळ वाढलेल्या फुलांचा अखंड गालिचा होतो. स्लायडर शून्यावर ठेवूनही हा गालिचा तसाच राहतो. तीन तास थांबून ढगातून ऊन फुटले त्या अर्ध्या मिनिटात टिपलेला फोटोही पर्यटकाच्या दृष्टीने तितकाच दिशाभूल करणारा असतो, कारण त्याला ते अर्धे मिनिट मिळणार नसते. लेन्सची निवड, कोन, वेळ यांना आपण ‘कौशल्य’ म्हणतो आणि रंगाला ‘लबाडी’. रंग हा त्यातल्या त्यात पकडायला सोपा चोर आहे, म्हणून चावडीवर नेहमी तोच आणला जातो.

दुसरा आक्षेप सवयीचा आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. रोज भडक पाहिले की साधे बेचव लागते. जिभेचे जे होते तेच डोळ्याचे होते. यातून आणखी एक विचित्र नुकसान होते: खरोखर घडलेल्या अद्भुतावर कोणी विश्वास ठेवत नाही. 2020 च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ते फोटो पाहून माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची पहिली प्रतिक्रिया ‘कोणीतरी रंगवलेत’ अशीच होती. 25 मे आणि 10 जून या दोन दिवशी लँडसॅट-8 उपग्रहाने घेतलेल्या प्रतिमांत हिरवट सरोवर गुलाबी झालेले दिसते आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. पाणी खरे होते. आमचा विश्वास आधीच खर्ची पडलेला होता. या हानीबद्दल ‘कला’वाल्यांनी खांदे उडवू नयेत. मात्र तिच्यावरचा उपाय म्हणून शून्याची सक्ती करणे निरर्थक आहे, कारण आजचे मोबाइल फोटो काढतानाच हिरवळ ओळखून हिरवा वाढवतात आणि आभाळ ओळखून निळा. त्या सक्तीत माणूसच तेवढा सापडेल, यंत्र सुटेल.

वृत्तछायाचित्रांचे काय, असे मला त्या सभेत विचारले गेले. प्रश्न रास्त होता. अमेरिकेतील ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने 2006 साली आपल्या एका छायाचित्रकाराला कामावरून काढले. शिडीवर चढलेल्या अग्निशामक जवानाच्या फोटोत मूळ करडे-तपकिरी आकाश त्याने गडद लाल केले होते. त्याचे म्हणणे असे की सूर्याची तिरीप टाळण्यासाठी फोटो मुद्दाम अंधारा काढला, त्यात आकाशाचा रंग गेला आणि प्रत्यक्षात पाहिलेला रंग त्याने फक्त परत आणला. वृत्तपत्राचा नियम ‘मूळ दृश्यातील रंग बदलू नयेत’ असा होता. मूळ फाइलमधील रंग, असे तो नियम म्हणत नव्हता. मग तो छायाचित्रकार नियमाच्या अक्षराला धरूनच होता, असे म्हणायचे का? अडचण अशी की दृश्य तोवर विरून गेले होते. साक्षीदार उरले दोन: फाइल आणि त्याची आठवण. परिचित गोष्टींचे रंग आठवणीत मूळच्यापेक्षा गडद होतात, हे बार्टलसन या संशोधकाने 1960 मध्येच दाखवले होते. आठवणीतले गवत अधिक हिरवे असते, आभाळ अधिक निळे. हा माणूस खोटे बोलत होता असे मानण्याची गरज नाही. त्याची साक्ष पडताळता येत नव्हती, आणि बातमीत तेवढेच पुरते.

म्हणून बातमीच्या फोटोत मूळ फाइलजवळ राहण्याचा नियम मला मान्य आहे, पण तो मान्य करण्याचे कारण वेगळे आहे. फाइल सत्य आहे म्हणून नव्हे, ती सर्वांना सारखीच तपासता येते म्हणून. 2009 साली डेन्मार्कमधील वृत्तछायाचित्र स्पर्धेत हैतीवरच्या एका मालिकेचे रंग परीक्षकांना अति वाटले, त्यांनी रॉ फाइली मागवल्या आणि ती मालिका बाद केली. रॉ फाइल म्हणजे वास्तव नव्हे, असा छायाचित्रकाराचा बचाव होता. तो बरोबर होता आणि तरीही परीक्षक बरोबर होते. न्यायालयात पंचनामा हा घटना नसतो. तरी तो सोडून साक्ष द्यायची असेल तर कारण सांगावे लागते.

‘कला आहे’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण याच जागी आहे. कलेला मोकळीक हवी, याबद्दल वाद नाही. रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी महाराष्ट्रातील घराघरांत लागल्या. त्या रंगांना कोणी खोटे म्हटले नाही, कारण लक्ष्मीचे लुगडे अमुक रंगाचे होते असा दावाच तेथे नव्हता. याउलट माझ्या आजीच्या लग्नाचा फोटो घ्या. तो काळा-पांढरा काढून नंतर स्टुडिओत ब्रशने रंगवलेला होता. त्यात आजीचा शालू हिरवा आहे. आजी शेवटपर्यंत, कोणी तो फोटो हातात घेतला की, ‘शालू जांभळा होता गं, त्या मेल्याने हिरवा केला’ असे म्हणत असे. रंगवणाऱ्याची कलाकुसर उत्तम होती. दागिन्यांवरचे सोनेरी ठिपके अजून चमकतात. पण तिच्या दृष्टीने तो फोटो लग्नाचा पुरावा होता आणि पुराव्यात चूक झाली होती. आमच्या विजेत्याने फोटोखाली ‘कास पठार, सप्टेंबर’ असे लिहिले होते. स्थळ आणि महिना लिहिला की फोटो पुराव्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मग हरकत आल्यावर कलेच्या रांगेत पळता येत नाही.

शिवाय कलेच्या नावाखाली जे चालते, ते पुष्कळदा धड कलाही नसते. परीक्षणानंतर मी तो फोटो मोठा करून पाहिला. सॅच्युरेशन वाढवणे म्हणजे प्रत्येक रंगाला करड्यापासून दूर ढकलणे. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढीच जागा असते. तेरड्याच्या पाकळीत एका ठिकाणी लाल 240 आणि शेजारी 252 असेल, तर जोराने ढकलल्यावर दोन्ही 255 वर जाऊन आपटतात आणि त्यांच्यातला फरक पुसला जातो. त्या फोटोतल्या पाकळ्यांवरच्या बारीक शिरा अशाच गेल्या होत्या. उरले होते गुलाबी कागदाचे कपटे. व्हायब्रन्स नावाचा दुसरा स्लायडर आधीच गडद असलेल्या रंगांना फारसा हात लावत नाही आणि फिक्यांना जास्त उचलतो; तो वापरला असता तर शिरा बऱ्याच वाचल्या असत्या. मला त्या फोटोवर आक्षेप घ्यायचा असता तर तो नीतीचा घेण्याआधी कारागिरीचा घेतला असता. पण त्या दिवशी पाकळीकडे कोणी पाहत नव्हते.

या गदारोळात जेथे रंगाने खरेच नुकसान होते, त्या जागा मात्र कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. माझा भाचा शेतीसल्ल्याचे काम करतो. शेतकरी त्याला व्हॉट्सअॅपवर पानांचे फोटो पाठवतात. चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनला लोह कमी पडले की कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात; नत्र कमी असेल तर खालची जुनी पाने सरसकट फिकी होतात. सल्ला या दोन पिवळ्यांमधल्या फरकावर उभा असतो. आणि मोबाइल, शेतकऱ्याने न सांगता, ‘हिरवळ’ ओळखून पानात हिरवा भरतो. येथे स्लायडरला कोणाचेही बोट लागलेले नाही, ‘कोणतेही एडिटिंग’ झालेले नाही, आमच्या नियमपत्रकानुसार हा फोटो निर्दोष आहे. आणि त्यावरून चुकीची फवारणी होऊ शकते. भाच्याचा उपाय मंगळावरच्या उपायासारखाच आहे. तो पानाशेजारी वहीचा कोरा कागद धरायला सांगतो, म्हणजे कागद हिरवट दिसला तर पानाचा रंगही तेवढा वजा करता येतो. मोबाइलने फक्त हिरवाच वाढवला असेल तर कागदालाही ते कळत नाही, म्हणून शंका आली की तो शेतात जाऊन पान हातात घेतो. भाताला नत्र किती द्यायचे यासाठी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रचारात आणलेली पर्णरंग पट्टी याच तत्त्वावर चालते: हिरव्याच्या ठरलेल्या छटा छापलेली पट्टी पानाला लावा आणि ताडून पाहा.

मंडळाने नवे नियम सुचवायला सांगितले, तेव्हा मी तीन ओळी लिहून दिल्या. स्थळ-काळ लिहून पाठवलेल्या निसर्गफोटोंत रंग जुळवायला मुभा असावी, पण मूळ फाइल सोबत द्यावी आणि काय बदलले ते एका वाक्यात लिहावे. ज्यांना ते लिहायचे नसेल त्यांनी स्थळ-काळ न लिहिता मुक्त विभागात पाठवावे. तेथे आकाश हिरवे केले तरी हरकत नाही. आणि परीक्षकांनी फोटो पूर्ण मोठा करून पाहिल्याशिवाय गुण देऊ नयेत. तिसरी ओळ एकमताने मंजूर झाली. पहिलीवर पुढच्या महिन्यात बैठक आहे. ‘एका वाक्यात’ म्हणजे किती मोठे वाक्य, यावर आतापासूनच दोन गट पडले आहेत.